टाकीचे कुलूप कोणी उघडले

मी, नाबुरा तामुएरा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा होड्या बांधण्याचा, राहणार अबेनिका बेट, चर्चच्या दक्षिणेचे तिसरे घर, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. साखरेच्या आजारात डावा पाय घोट्यापासून गेला, दोन्ही किडन्या थकल्या, आणि दवाखान्याच्या नर्सबाई परवा म्हणाल्या, "ईस्टरपर्यंत थांबलात तर मला बरं वाटेल." मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही. यापूर्वी मी असा कागद कधी केलेला नाही. बेटाच्या कोर्टाचे कारकून इताइया समोर बसले आहेत व कायद्याचे शब्द तेच सुचवीत आहेत. बाकीचे शब्द माझे आहेत, आणि ते बदलू नयेत.

कलम १. जमीन. आतल्या शांत पाण्यापासून बाहेरच्या समुद्रापर्यंत जाणारी माझी वडिलोपार्जित पट्टी, तीवरील माड, दोन नीरफणस व बाबाईचे, म्हणजे आमच्या मोठ्या अळूचे, तीन खड्डे यांसह, माझी मुलगी बेरेता हिला द्यावी. माझ्या वडिलांच्या वेळी ही पट्टी एकशेचाळीस पावले होती. गेल्या वर्षी पाय होता तेव्हा मी चाललो तर शहाण्णव भरली. खड्ड्यांत खारे पाणी शिरून बाबाईचे कंद कुजले आहेत. उरलेली जमीन देतो. गेलेली समुद्राकडून कोणी मागून घेणार असेल तर त्याने घ्यावी, माझी हरकत नाही.

कलम २. घर. तेही बेरेतालाच. ती ऑकलंडला म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते. फोनवर मी तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, भरतीचं पाणी चुलीपर्यंत येतं आणि तुम्ही घर माझ्या नावावर करताय. मी काय तिथे मासे पाळू?" तिचे बरोबर आहे. तरी कागदावर कोणाचे तरी नाव लागते. नात तेइनाकी पंधरा वर्षांची झाली आहे. तिला आपली भाषा समजते पण बोलताना अडखळते. तिच्या आजीची केवड्याच्या पातीची मोठी चटई तिला पाठवावी. तिथल्या थंडीत उपयोगाची नाही, पण पाठवावी.

कलम ३. हत्यारे. लाकूड तासायचे दोन्ही वाकस, पटाश्या, गिरमिट आणि शार्कच्या कातड्याची घासणी माझ्या बहिणीचा मुलगा तिओने याला. त्याचा हात चांगला आहे, फक्त घाई करतो. रंधा मात्र माझा मेव्हणा बाकोआ याला द्यावा. त्याने तो एकदा मागून नेला आणि पात्याला खाच पाडून गुपचूप परत आणून ठेवला. सोळा वर्षे "मी नाही पाडली" म्हणतोय. आता रंधाच त्याचा. पाते त्याने स्वतः घासावे.

कलम ४. बँकेत जे असेल ते मला पुरण्याच्या दिवशी गावाला जेवू घालण्यात संपवावे. डुकराला नर्सबाईंना विचारून मारावे, मागच्या वेळी आजारी निघाले होते.

कलम ५. माडीची सुरी. माझ्या पेटीच्या तळाशी, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली, पातळ पात्याची एक सुरी आहे. ती माझी नाही. ती काबूता इओआने याची. त्याची बायको राओबाती हिच्या हातात ती द्यावी. ती माझ्याकडे कशी आली हे लिहिल्याशिवाय हा कागद पुरा होणार नाही. इताइया म्हणाले, "मृत्युपत्रात एवढं सगळं लिहीत नाहीत." मी म्हटले, "मग कशात लिहितात ते सांगा, मी त्यात लिहितो."

काबूता माझ्या बरोबरीचा. माड चढून नीरा काढायचा. माझा धाकटा भाऊ मोते एकोणीस वर्षांचा असताना त्याच्याबरोबर मासेमारीला गेला. वाऱ्याने होडीला बाजूने तोलून धरणारी उलांडी मोडली. काबूता तीन दिवसांनी परत आला, मोते आला नाही. काबूता मला म्हणाला, "मी त्याचा हात धरला होता. हात सुटला." मी म्हणालो, "सुटला की सोडलास?" त्यानंतर एकतीस वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. गावाच्या सभागृहात, मानेआबात, तो ज्या खांबाशी बसे त्या खांबाकडे मी पाठ करून बसलो. त्याच्या होडीला माझ्या हातचा एक दोर लागू दिला नाही. त्याला मूल झाले नाही तेव्हा मला बरे वाटले. हेही लिहितो.

मग तो मोठा दुष्काळ पडला. चौदा महिने पाऊस नाही. विहिरी खारट झाल्या, माडांच्या पोयी वाळल्या, शहाळी मुठीएवढी होऊन गळू लागली. गोड पाणी राहिले ते फक्त चर्चच्या सिमेंटच्या टाकीत, तळाशी. मी तेव्हा चर्चचा वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांपैकी एक होतो. टाकीचे झाकण मी बनवलेले, कुलूप लावायचे मीच सुचवलेले, आणि किल्ली माझ्या गळ्यात. माणशी दिवसाला दोन करवंट्या पाणी ठरले. जो चोरेल त्याच्या घराचे पाणी तीन दिवस बंद, हा नियमही मीच मानेआबात उभा राहून मांडला. सगळ्यांनी मान डोलावली.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात पोरांना हगवण लागली. दोन मुले गेली. तेइनाकी तेव्हा सहा वर्षांची, माझ्याकडे होती, कारण तिची आई नुकतीच परदेशी कामाला लागली होती. माझी बायको आदल्या वर्षीच वारली होती. बुधवारी पोरीला जुलाब सुरू झाले. तेव्हाच्या नर्सने सांगितले, उकळलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून थोड्या थोड्या वेळाने पाजत राहा. माझ्या दोन आणि तिच्या दोन करवंट्या गुरुवारी दुपारपर्यंत संपल्या. तिचे डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहू लागली. ती म्हणाली, "आजोबा, आपल्या गळ्यात किल्ली आहे ना?"

गुरुवारी दुपारी सगळा गाव मानेआबात उपासनेची तयारी करीत होता. मी टाकी उघडली आणि एक किटली भरून घेतली. कुलूप लावले असे मला वाटले, पण ते दाबून बसले नव्हते.

उत्तम शुक्रवारी, येशूला वधस्तंभावर दिल्याच्या दिवशी, सकाळी पाणी वाटायच्या वेळी कुलूप उघडे लोंबकळताना सगळ्यांनी पाहिले. वृद्धांनी तिथल्या तिथे मानेआबा भरवला. पाळक मला म्हणाले, "नाबुरा, किल्ली तुझ्याकडे. कुलूप उघडं कसं?"

मी म्हणालो, "मी लावलं होतं. कोणीतरी पातळ पात्याने उघडलंय."

हे मी म्हणालो. किटलीबद्दल मला देव क्षमा करील, पोर मरत होती. या वाक्याबद्दल मला काही सांगता येत नाही. पातळ पात्याच्या सुऱ्या गावात माडी काढणाऱ्यांकडेच असतात, आणि माडी काढणारे चारच. सगळ्यांच्या नजरा त्या चौघांकडे वळल्या. मी खाली बघत होतो. घरी चटईवर पडलेल्या पोरीला शेजारीण सांभाळत होती, आणि मी मनात म्हणत होतो, तीन दिवस पाणी बंद झाले तर ती रविवार बघणार नाही.

काबूता उठला. कमरेची सुरी काढून त्याने मधल्या चटईवर ठेवली. म्हणाला, "या सुरीने. मी उघडलं."

पाळक म्हणाले, "तू? कशासाठी?"

"तहान लागली होती."

कोणीतरी मागून म्हणाले, "तहान आम्हाला लागत नाही का रे?" दुसरा म्हणाला, "ज्याने माणूस सोडला तो पाणी सोडील होय?" आणि हे शब्द माझेच होते, गेली एकतीस वर्षे मीच ते गावात पेरले होते. काबूता घरी एकटाच होता. राओबाती बहिणीच्या बाळंतपणाला राजधानीच्या बेटावर गेली होती आणि बोट येत नसल्यामुळे तिकडेच अडकली होती. सोमवार सकाळपर्यंत त्याचे पाणी बंद झाले. सुरी किल्लीवाल्याकडे जमा करायची म्हणून माझ्या हातात दिली. मी घेतली.

त्याच्या माडांतून थोडीफार नीरा मिळत असेल असे लोकांनी धरून चालले. मला ठाऊक होते की मिळत नाही. मंगळवारीच मी त्याला माडावरून उतरून करवंटी उपडी करताना पाहिले होते. एक थेंब पडला नव्हता.

त्याच सकाळी उपासनेत पाळकांनी येशूला धरून नेल्याचे वाचले. त्याच्या जागी एका गुन्हेगाराला सोडून दिले, तिथे मी थांबलो. पन्नास वर्षे ऐकलेली ती गोष्ट. सुटल्यावर तो गुन्हेगार घरी गेला असेल, हातपाय धुतले असतील, जेवला असेल, असे कधी मनात आले नव्हते. मी घरी गेलो आणि माझ्या वाटच्या दोन करवंट्या पोरीला पाजल्या.

शनिवारी दुपारी माझ्या वाटचे पाणी एका जुन्या पोकळ नारळात लपवून मी काबूताकडे गेलो. एकतीस वर्षांत प्रथमच त्याच्या घराच्या उघड्या मचाणाशी उभा राहिलो. तो पडून होता. ओठ फाटले होते. विहिरीचे खारे पाणी पिऊन त्याला उलट्या झाल्या होत्या, आणि हगवणही लागली होती.

मी म्हणालो, "हे पी."

तो म्हणाला, "कोणाच्या वाटचं?"

"माझ्या."

"म्हणजे पोरीच्या. घेऊन जा."

"काबूता, तुला कसं कळलं?"

"माडावर होतो. वरून सगळं दिसतं." आम्हा लोकांत माडावर चढला की माणूस गातो, खालच्यांना कळावे म्हणून. "त्या दिवशी गायला घसा नव्हता, नाहीतर तू सावध झाला असतास."

मी विचारले, "मोतेसाठी केलंस का हे?"

तो म्हणाला, "नाही रे. मोतेसाठी आता काही करता येत नाही. त्याचा हात सुटला, एवढंच खरं आहे, तू मान नाहीतर नको मानूस. ही पोर जिवंत आहे. तिला तहान लागली होती."

"मी आत्ता जाऊन सांगतो सगळ्यांना."

"आणि तिचं पाणी बंद करतोस? अक्कल आहे का तुला? सोमवारी सांग. सोमवारी माझे तीन दिवस संपतात." मग म्हणाला, "प्यायली का ती?"

"प्यायली."

"मग झालं." त्याने तोंड पलीकडे वळवले. मी तो नारळ परत आणला.

रविवारी पुनरुत्थानाची उपासना. कोरड्या घशांनी माणसे गात होती. पाळक म्हणाले, "तो उठला आहे," आणि आम्ही म्हणालो, "खरोखर उठला आहे." तेवढ्यात बाकोआ दाराशी येऊन म्हणाला, काबूता गेला. कोणीतरी खाली बसले. गाणे अर्धे राहिले. मी घरी आलो तर तेइनाकी उठून बसली होती आणि मासा मागत होती.

घराच्या दाराशी तिला पाहताना मला जे कळले ते लिहितो, कारण मला दुसरे काही शहाणपण या आयुष्यात मिळालेले नाही. देव आपल्यासाठी मेला हे मी लहानपणापासून म्हणत होतो, आणि ते मला पाठ होते. पण माझ्या चोरीवर दुसऱ्याचे नाव लागले, माझी शिक्षा दुसऱ्याने भोगली, माझ्या घरातले मूल मासा मागत उठून बसले, आणि ज्याने हे केले त्याला मी एकतीस वर्षे खुनी म्हणत होतो. वधस्तंभावरचे प्रेम असेच असणार. ते ज्याला मिळते तो त्याला लायक नसतो, आणि ते कसले उपकार म्हणूनही केलेले नसते. मला ते दिसले, हाताला लागण्याइतके जवळून दिसले. आणि मी त्याचे काय केले ते पुढे आहे.

सोमवारी सकाळी मी मानेआबात गेलो. सांगायचे म्हणूनच गेलो. मी तोंड उघडण्याआधी पाळक म्हणाले, "नाबुरा, किल्ली तूच ठेव. तुझ्याइतका विश्वासाचा माणूस गावात नाही." मी किल्ली गळ्यात घातली.

गुरुवारी पाण्याची पिंपे घेऊन बोट आली आणि त्याच बोटीने राओबाती आली. तिला नवऱ्याची कबर दाखवली ती चर्चच्या आवाराबाहेर, समुद्राकडच्या बाजूला, कारण चोराला आवारात जागा देत नाहीत. नऊ वर्षे ती मानेआबात शेवटच्या खांबाशी बसते. मेजवानीला तिने आणलेल्या ताटाला कोणी हात लावत नाही. पोरे तिला "पाणीचोराची" म्हणतात. तिने काबूताच्या कबरीभोवती दोनदा दगड रचले. पाच वर्षांपूर्वीच्या मोठ्या भरतीत ती कबर दगडांसकट गेली. आता तिथे काहीच नाही. मी दर रविवारी पहिल्या रांगेत बसलो.

म्हणून लिहून ठेवतो: काबूता इओआने याने पाणी चोरले नाही. टाकीचे कुलूप मी, नाबुरा तामुएरा, याने उघडले. पातळ पात्याची गोष्ट मी रचली. मोतेच्या मृत्यूबद्दल मी जे बोलत आलो त्याला माझ्याकडे कोणताही पुरावा नव्हता.

कलम ६. माझी शेवटची बांधलेली होडी, तिचे शीड व वल्ह्यांसह, राओबातीला द्यावी. भरपाई म्हणून नव्हे. भरपाई होत नाही.

कलम ७. मला चर्चच्या आवारात, बायकोशेजारी पुरू नये. समुद्राकडच्या बाजूला, काबूताला जिथे ठेवले होते त्याच्या जवळपास, जी काही वाळू उरली असेल तिथे पुरावे. समुद्र मलाही नेईल. न्यावे. माझा उद्धार झाला असे मी म्हणत नाही. ज्याच्या पायांशी बसून क्षमा मागायची तो नाही, आणि देवासमोर उभे राहायचे तर तिथेही तोच आधी भेटेल असे वाटते. काय बोलायचे ते मला सुचलेले नाही.

कलम ८. मी मेल्यावर येणाऱ्या पहिल्या उत्तम शुक्रवारी हा कागद मानेआबात मोठ्याने वाचावा. तेइनाकीला याची एक प्रत पाठवावी. तिला हे माहीत नाही. कोणाच्या वाटचे पाणी ती प्यायली, ते तिला माहीत असावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा भाचा तिओने याने करावी. त्यावरून कोणी तंटा करू नये.

पुरवणी, त्याच दिवशी. मी सही करणार, तेव्हा इताइया म्हणाले की राओबातीला तिचे काय आहे ते आधी सांगितलेले बरे. मी त्यांना तिला बोलवायला पाठवले. ती आली, दाराशीच बसली, आणि इताइयांनी तिला सगळे वाचून दाखवले. तिने कलम पाचचा शेवट पुन्हा वाचायला लावला. मग तिसऱ्यांदा.

मग ती म्हणाली, "मेल्यावर का वाचायचं?"

मी म्हणालो, "मला धीर नाही."

"त्याला होता. तुम्ही जिवंत असताना वाचा. या उत्तम शुक्रवारी. तुम्हाला उचलून नेतील पोरं."

मी बरे म्हणालो. कलम ८ त्याप्रमाणे बदलले आहे असे समजावे. या उत्तम शुक्रवारी वाचावे, आणि मी तोवर राहिलो नाही तर माझ्याशिवाय वाचावे.

मग तिने पुढे येऊन कागदाच्या तळाशी पाहिले. दुसऱ्या साक्षीदार म्हणून नर्सबाई यायच्या होत्या, त्यांची जागा कोरी होती. ती म्हणाली, "इथे मी सही करते."

इताइया म्हणाले, "राओबातीबाई, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. तुम्ही सही केलीत तर होडी तुम्हाला मिळणार नाही."

"होडी नको. माझ्या नवऱ्याने पाणी चोरलं नाही, त्याखाली माझं नाव पाहिजे."

"अहो, साक्षीदार फक्त सही पाहिल्याची साक्ष देतो. आत काय लिहिलंय त्याची नाही."

"ते तुमच्या कायद्यात. पेन द्या."

मी तिला विचारले, माफ केलंस का. विचारायला नको होते. ती म्हणाली, "नाही. आणि तसं त्यात लिहू नका." सुरी तिने आत्ताच मागून घेतली. पाते बोटाने पाहिले आणि म्हणाली, "गंजली नाही. तेल लावत होतात?" मी हो म्हणालो. तिने ती परत फडक्यात गुंडाळली.

होडी तिओनेला जावी. सुरीसंबंधीचे कलम पुरे झाले आहे.

हे सर्व मी वाचले, ते माझेच आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी त्यावर सही केली. त्यांनीही माझ्या देखत व एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

सही: नाबुरा तामुएरा

साक्षीदार:
१. इताइया तेकौरा, कारकून, बेटाचे कोर्ट
२. राओबाती, काबूता इओआने याची बायको

ठिकाण: अबेनिका
दिनांक: १० मार्च २०२०, मंगळवार